छपराची पट्टी

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, सकाळ. गल्लीतून पुढं सरकणारा कॅमेरा, मागांचा खटखटाट.)

साखर पेठ, दाजी पेठ, अशोक चौक. खाली माग, वर बिऱ्हाड.

(दृश्य: धोटा, अगदी जवळून.)

आडवा धागा घेऊन धोटा या टोकाकडून सुटतो, त्या टोकाला पोचतो. लगेच फणी आडवा धागा ठोकून बसवते. वर जॅकार्डची पुठ्ठ्याची कार्डं फिरताहेत. कार्डाला जिथं भोक, तिथला उभा धागा उचलला जातो आणि चादरीवर मयूरपंख उमटत जातो. सूत रंगवणारा वेगळा, उभ्या धाग्यांचा बीम भरणारा वेगळा, धोट्यातल्या कांड्या भरायला बहुधा घरातल्याच बायका. कडा शिवून घडी घालेपर्यंत एका चादरीला किती हात लागतात, बघा.

(दृश्य: मागाशेजारी ठेवलेलं घरपट्टीचं बिल.)

आता हे बिल. जागेचं वर्षाचं वाजवी भाडं धरायचं, दुरुस्तीचे १० टक्के वजा करायचे, उरलं ते करपात्र मूल्य. यंत्रांची किंमत त्यात येत नाही. तसंच माग चालताहेत की मंदीनं थंड पडलेत, हेही येत नाही. पट्टी छपराची. सर्वसाधारण कर, शिक्षण कर, आणि बिगरनिवासी म्हणून रोजगार हमी उपकर. थकलं, की महिन्याला २ टक्के शास्ती. सूतवाल्याशी निदान घासाघीस करता येते!

जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला. महापालिकेच्या स्वतःच्या हातात मोठा कर उरला तो हाच, त्यामुळं नजर इकडंच वळणार. चार वर्षांनी तरी नवी आकारणी व्हावी असा नियम आहे. ती रखडली, की साचलेला फरक एकदम अंगावर येतो.

(दृश्य: अक्कलकोट रोड एमआयडीसी. वाढवलेली शेड, नवे माग.)

शेड वाढवली तर पट्टी वाढणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आहे त्याच शेडची पट्टी पुढच्या वर्षी किती होईल हे ठाऊक नसेल, तर नव्या मागासाठी कर्जाचा हप्ता कशाच्या भरवशावर ठरवायचा? वर्षाला ५ टक्क्यांच्या वर वाढ नको, आणि फेरआकारणीचा फरक टप्प्याटप्प्यानं घ्या, एवढंच मागणं आहे.

पालिकेची वसुली त्यानं सावकाश वाढेल, पाण्याच्या नि रस्त्यांच्या कामांना ते जाणवेलही.

(दृश्य: इंद्रभुवन, महापालिकेची इमारत.)

पुढच्या वर्षाचे दर कायद्यानं २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. मर्यादेचा ठराव यायचा, तर त्याआधीच्या सभेत यायला हवा.