किकऑफ किती वाजता?

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्याकडच्या मुलांना पहिल्या महिन्यातच एक गोष्ट उमगते: घरच्या संघाचा सामना असेल त्या शनिवारी गावात गाडी काढायची नाही. निमित्त कॉलेज फुटबॉलचं. हेल्मेट घालून, लांबट चेंडू घेऊन, समोरच्याच्या अंगावर धावून जात खेळायचा तो अमेरिकन फुटबॉल. मिशिगन विद्यापीठाचं स्टेडियम ॲन आर्बर गावात आहे. गावाची वस्ती जेमतेम सव्वा लाख, आणि स्टेडियमची बैठक १ लाख ७ हजारांच्या वर!

एवढ्या लोकांना सामन्याची तारीख कितीतरी महिने, कधी वर्षं आधी ठाऊक असते. किकऑफची, म्हणजे सामना सुरू व्हायची, वेळ मात्र पुष्कळ सामन्यांची १२ दिवस आधी कळते, आणि कधीकधी तर सहाच दिवस. लग्नाची पत्रिका आली, तारीख छापली, मुहूर्त तेवढा मागाहून कळवू म्हणाले, तसं हे. कोणता संघ फॉर्मात आहे, कोणता ढेपाळलाय हे बघून टीव्ही वाहिन्या आपापला सामना उचलतात आणि सोयीच्या वेळेला लावतात. करारात तशी तरतूदच असते. प्रेक्षकाने सीझनच्या तिकिटाचे पैसे मात्र केव्हाच भरलेले असतात.

आता घड्याळाचा घोळ बघा. फॉक्स वाहिनीने २०१९ पासून आपला सगळ्यात मोठा सामना दुपारी १२ ला दाखवायला सुरुवात केली. धंद्याच्या दृष्टीने डोकं चाललं म्हणायचं, कारण दुपारी साडेतीनला आणि रात्री दुसऱ्या वाहिन्या ठाण मांडून होत्या. पण हे १२ न्यूयॉर्कचे. ओक्लाहोमात तेव्हा ११ वाजलेले असतात. २०२१ मध्ये ओक्लाहोमा विरुद्ध नेब्रास्का हा सामना ठरला होता. १९७१ साली याच दोन संघांत झालेल्या गाजलेल्या लढतीची पन्नाशी साजरी करायची होती. लोकांना संध्याकाळचा झगमगाट हवा होता, वेळ मिळाली सकाळी ११ ची. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली, पण वेळ काही बदलली नाही.

अकराच्या सामन्याने काय बिघडतं? तिथला प्रेक्षक नुसता सामना बघायला जात नाही. गाड्यांच्या तळावर शेगड्या पेटतात, मांस भाजलं जातं, बिअरचे डबे उघडतात, तीन पिढ्या एका तंबूखाली बसतात. याला टेलगेटिंग म्हणतात, आणि सामना हरला तरी दिवस वसूल होतो तो यामुळे. ओक्लाहोमाच्या पश्चिम टोकाच्या गावातून स्टेडियमपर्यंत पाच तासांच्या वरचा रस्ता आहे. तिथल्या कुटुंबाने कधी निघायचं, शेगडी कधी पेटवायची? लुइझियानात तर रात्रीचा सामना हीच परंपरा, १९३१ पासूनची. तिथल्या माणसाला सकाळची वेळ सांगितली की त्याचं तोंडच उतरतं. अलाबामात सप्टेंबरच्या उन्हात दुपारचे सामने लागले तेव्हा प्रशिक्षक निक सेबन यांनीही तक्रार केली होती. त्याच अलाबामा विद्यापीठाने २०१९ मध्ये विद्यार्थी शेवटपर्यंत थांबावेत म्हणून मोबाइल ॲपवर गुण द्यायला सुरुवात केली. थांबलात, तर पुढच्या मोठ्या सामन्यांच्या तिकिटांत अग्रक्रम. जगज्जेत्यासारखा खेळणारा संघ, आणि त्याच्या प्रेक्षकांची हजेरी घ्यायची वेळ यावी!

स्टेडियममध्ये बसलात तर आणखी एक प्राणी दिसेल. मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला माणूस. तो मैदानाकडे दोन पावलं सरकला की टीव्हीवर जाहिराती सुरू. खेळाडू कमरेवर हात ठेवून उभे, पंच उभे, बँड काहीतरी वाजवत राहतो. घरी बसलेला उठून चहा टाकून येतो, स्टेडियममधला डिसेंबर जवळ आलेल्या थंडीत बाकावर बसून त्या टोपीकडे बघत राहतो. सामना सव्वातीन-साडेतीन तास लांबतो, त्यात या थांबण्याचा वाटा बराच आहे.

पण सगळं खापर टीव्हीवर फोडायला मी तयार नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला एनसीएए या मध्यवर्ती संस्थेने टीव्हीवर किती सामने दाखवायचे याला लगाम घातला होता, आणि कारण हेच दिलं होतं: फुकट दिसायला लागलं तर स्टेडियमात कोण येईल? १९८० च्या सुमारास एका संघाला दोन वर्षांत फार तर सहा वेळा टीव्हीवर झळकता येत असे. हा लगाम तोडायला कोर्टात गेली कोण? ओक्लाहोमा आणि जॉर्जिया, म्हणजे विद्यापीठंच. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कॉलेज फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते, ही त्यातली गंमत. तेव्हा घड्याळ टीव्हीने हिसकावलेलं नाही, विद्यापीठांनी ते विकलंय, आणि भाव उत्तम आलाय. बिग टेन या विद्यापीठांच्या गटाचा २०२२ मधला सात वर्षांचा टीव्ही करार ७ अब्ज डॉलरच्या वरचा होता.

प्रेक्षक घटले का, तर हो. वरच्या श्रेणीतली सरासरी हजेरी २००८ नंतर उतरत गेली. २०१८ मध्ये ती ४२ हजारांच्या आत आली, १९९६ नंतरची तोवरची सगळ्यात कमी. तिकिटं महागली आणि घरचा पडदा मोठा झाला, हेही खरंच. वेळेचा त्रास त्यात भर घालतो.

लहान विद्यापीठांची तऱ्हा आणखी वेगळी. ओहायो-मिशिगन भागातला मिड-अमेरिकन हा गट नोव्हेंबरमध्ये मंगळवारी-बुधवारी रात्री खेळतो, कारण शनिवारी मोठ्यांपुढे त्यांना कोण विचारतो? मंगळवारी देशभर तेच दिसतात. स्टेडियममध्ये मात्र कडाक्याची थंडी आणि ओळीच्या ओळी रिकाम्या. पैसे येतात, नाव होतं, माणसं येत नाहीत. त्यांनी हा सौदा उघड्या डोळ्यांनी केलाय, आणि मला तो अगदीच चुकीचा वाटत नाही.

दक्षिणेकडच्या एसईसी गटाने २०२४ पासून थोडी सवलत दिली. सामना सकाळच्या टप्प्यात, दुपारच्या की रात्रीच्या, हे उन्हाळ्यातच सांगून टाकतात. फक्त काही सामन्यांपुढे 'दुपार किंवा रात्र' असं मोघम लिहिलेलं असतं. तेवढ्यावर हॉटेलची खोली एका रात्रीची घ्यायची की दोन रात्रींची, हे ज्याचं त्याने ठरवायचं. नमस्कार.