फळी पाण्यावर उडस

मंडळी, नमस्कार.

आपल्या खानदेशात सारंगखेड्याला बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचा बंधारा आहे, आणि त्याच्या वर तापी नदीचा फुगवटा आहे. उन्हाळ्यात तिथे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून एक म्हातारे आबा जाळी टाकतात. पहिल्यांदा मी विंग फॉइलची, म्हणजे हातातल्या कापडी पंखात वारा धरून चालवायची फळी घेऊन पाण्यात उतरलो, तेव्हा ते तासभर काही न बोलता बघत होते. सतरा-अठरा वेळा पडलो असेन. शेवटी एकदा फळी पाण्यातून वर आली, गुडघाभर वर, आणि आवाज एकदम बंद झाला. फळीवर लाटा आपटण्याचा जो खडखडाट असतो तो थांबला की कानाला पोकळी जाणवते. मी जेमतेम पन्नास पावलं गेलो असेन. परत आलो तर आबा म्हणाले, "भाऊ, नाव पाण्यामा चालस. तुन्ही फळी पाण्यावर उडस."

या खेळाची याहून चांगली व्याख्या मला अजून मिळालेली नाही. आज तुमच्यासमोर ती उलगडून सांगायची आहे. आणि ती फळी आपल्या हाताने कशी करायची, त्यावर जास्त वेळ घेणार आहे. माझं पोट फायबरच्या कामावर आहे, कूलरच्या बॉड्या, टाक्या, गाड्यांचे मडगार्ड. त्यामुळे फळीबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. खेळाबद्दल एका शिकाऊ माणसासारखं बोलेन.

आधी उडणं समजून घेऊ. फळीच्या पोटाला एक उभा दांडा असतो, त्याला मास्ट म्हणतात. माझा ७५ सेंटिमीटरचा आहे. त्याच्या खालच्या टोकाला विमानासारखी रचना: पुढे मोठा पंख, मागे लहान शेपटी, मध्ये जोडणारी नळी. हे सगळं पाण्याखाली. याला फॉइल म्हणायचं. पुढचा पंख दोन हात लांब आणि एक वीत रुंद, म्हणजे साधारण १,८०० चौरस सेंटिमीटर. एवढ्याशा पंखावर माझं ७२ किलोचं अंग आणि वर सामान उचललं जातं, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. विमानाला उडायला जो वेग लागतो त्याच्या काही अंशात इथे काम होतं. ताशी १४ किलोमीटरच्या आसपास फळी पाणी सोडते. आपण सायकलवर बाजारात जातो तो हा वेग. आणि उचल वेगाच्या वर्गाने वाढते, वेग दुप्पट तर उचल चौपट. म्हणूनच फळी हळूहळू वर येत नाही. एका क्षणी ती उसळते, आणि नवा माणूस तिथेच मागे पडतो.

ही कल्पना जुनी आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनींनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर पाण्याखालच्या पंखांची बोट चालवली होती. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल यांच्या बोटीने १९१९ मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. वाऱ्याने फळी ओढून नेण्यासाठी हातात धरायचा, हवा भरायचा दुसरा पंख, म्हणजे विंग, मात्र अगदी अलीकडचा, २०१८-१९ च्या सुमारास तो बाजारात आला. त्याच्या पुढच्या कडेत पंपाने हवा भरायची, की ती काठी होते. बाकी सगळं कापड. तो फळीला कुठेच बांधलेला नसतो. नुसता हातात. नको असेल तेव्हा पुढच्या मुठीला धरून सोडून द्यायचा, तो झेंड्यासारखा फडफडत राहतो. जोर नाहीसा होतो. ही सोय फार मोठी आहे.

लोक मला विचारतात, हा तर समुद्रावरचा खेळ, खानदेशात कुठे? मी त्यांना साक्रीच्या रस्त्याला घेऊन जातो. ब्राह्मणवेलच्या पठारावर त्या पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या आहेत का? तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पडलेलं आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि पश्चिमेला तोंड उघडं. वैशाख-ज्येष्ठात पश्चिमेचा वारा या खोऱ्यातून वर चढतो. सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपारी जमीन तापली की वरचा वारा खाली उतरतो, आणि चारच्या सुमाराला लाटांवर फेसाच्या पांढऱ्या टोप्या दिसायला लागतात. टोप्या दिसल्या की वारा ताशी २० किलोमीटरच्या वर गेला असं समजायचं. मला ५ चौरस मीटरचा पंख धरून २५ ते ३० चा वारा लागतो. ज्या वाऱ्याला आपण धूळ, फुफाटा, डोळ्यांत माती म्हणून शिव्या देतो, तोच हा वारा. मी आता दुपारी कडुलिंबाच्या शेंड्याकडे बघत असतो.

आता फळी.

विकतची चांगली फळी परदेशातून मागवावी लागते, आणि वाहतूक, आयातशुल्क धरून ती माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेर जाते. पण फळी स्वतः करण्याचं खरं कारण पैसे नाहीत. आपण केलेली फळी आपल्याला आतून माहीत असते. कुठे जाड आहे, कुठे हात कमी पडला, कुठे फायबरच्या (काचेच्या धाग्यांच्या) कापडाचा सांधा आहे. पाण्यावर ती कुरकुरली तर नेमकं काय कुरकुरलं ते कळतं.

आबांच्या तराफ्याकडे नीट बघा. आत थर्माकोल, बाहेरून प्लास्टिकच्या गोण्या उसवून घट्ट शिवलेल्या. नुसतं थर्माकोल चार दिवसांत भुगा होईल. नुसती गोणी बुडेल. फळी म्हणजे तेच: आत हलका गाभा, बाहेर ताणाला टिकणारी कातडी. गाभ्याचं मुख्य काम वरची आणि खालची कातडी एकमेकींपासून लांब ठेवणं. त्या जितक्या लांब तितकी फळी कडक.

माझी फळी १७८ सेंटिमीटर लांब, ७० रुंद, १३ जाड. गोलाई, उतार जाऊन आकारमान ११० लिटर भरतं. शिकणाऱ्याने आपल्या वजनात ३०-४० मिळवून तेवढ्या लिटरची फळी घ्यावी, म्हणजे थांबली तरी ती माणसाला तरंगवते. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल चालत नाही, तो फार ठिसूळ. शीतगृहाच्या भिंतीत घालतात तो घ्यावा, घनमीटरला २० किलोचा. म्हणजे ११० लिटरचा गाभा फक्त सव्वादोन किलो! हातात घेतला की विश्वास बसत नाही.

कापायला तापलेली तार. दोन्ही बाजूंना सनमायकाचे फर्मे चिकटवायचे आणि दोघांनी दोन टोकं धरून तार फर्म्यावरून एका चालीत ओढायची. माझी पुतणी दुसऱ्या टोकाला होती. "काका, तुम्ही घाई करताय," असं ती तीनदा म्हणाली आणि तीनही वेळा बरोबर होती. एक टोक पुढे गेलं की तार आत तिरकी होते आणि मध्ये खळगा पडतो. तारेला कमी व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरच लावा, घरचा करंट कधीही नाही. आणि काम उघड्यावर करा, तो धूर चांगला नसतो.

पहिला गाभा मी स्वतःच्या हाताने नासवला, ते सांगतो, म्हणजे तुम्ही नासवणार नाही. वीस वर्षं कूलरच्या बॉड्या करून माझ्या हाताला साध्या पॉलिएस्टर रेझिनची सवय, म्हणजे कापडात जिरवला की वाळून कडक होणारा चिकट द्रव. कापड अंथरलं, रेझिन ओतलं, ब्रश फिरवला. दोन मिनिटांत कापड खाली बसायला लागलं. मला वाटलं रेझिन जिरतंय. बोट लावलं तर बोट आत गेलं. पॉलिएस्टर रेझिनमधला स्टायरीन थर्माकोलला विरघळवतो, साखर पाण्यात विरघळावी तसा. सहा दिवसांचं काम डोळ्यांसमोर लगद्यासारखं बसलं. त्या रात्री मी जेवलो नाही. थर्माकोलवर इपॉक्सी नावाचं वेगळं रेझिनच लागतं, दुसरं काहीही नाही.

इपॉक्सीची आणि आपल्या उन्हाळ्याची दोस्ती होत नाही. धुळ्याला मे महिन्यात पारा ४२-४३ वर असतो. हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं औषध, मिसळलं की इपॉक्सी स्वतःची उष्णता तयार करतं, आणि डब्यात एकगठ्ठा ठेवलं तर ती उष्णता कोंडते. डबा हाताला चटका देतो, धूर निघतो, आणि बघता बघता दगड. म्हणून मिसळल्या मिसळल्या पसरट ताटात ओतायचं. थोडं थोडं करायचं. वजन काट्यावर करायचं, अंदाजाने नाही, कारण हार्डनर जास्त घातलं तर कूलरच्या रेझिनसारखं लवकर वाळत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. आणि कापड चढवायला सूर्य कलल्यावर बसायचं. सकाळी बसलात तर दिवस तापेल तशी थर्माकोलमधली हवा फुगेल आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे वर येतील. संध्याकाळी उलट होतं, गाभा निवत जातो आणि रेझिन आत ओढून घेतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर एक थर वाचला असता.

आता ज्या एका जागेसाठी मी आज इथे उभा आहे, ती जागा. मास्ट जिथे फळीला जोडला जातो ती.

तिथे दोन समांतर खाचा असतात, ट्रॅक म्हणतात, मध्यापासून मध्यापर्यंत ९ सेंटिमीटर अंतर. त्यांत चार बोल्टांनी मास्ट बसतो. पहार आपण सगळ्यांनी वापरली आहे. पहारीचं लांब टोक थोडं दाबलं की आखूड टोकाशी धोंडा हलतो. मास्ट ही उलटी पहार आहे. वळताना खाली फॉइलवर आडवा ३० किलोचा जोर आला असं धरा. ३० गुणिले ७५, भागिले ९. म्हणजे एका बाजूच्या ट्रॅकवर २५० किलोची ओढ. अडीच क्विंटल! आणि तो ट्रॅक कशात रोवलेला आहे? बोटाने दाबलं तर खळी पडते अशा थर्माकोलमध्ये.

इथे फसलेल्या फळ्या मी पाहिल्या आहेत. ट्रॅकभोवती आधी केसासारखी चीर येते, मग पाणी शिरतं, मग एक दिवस मास्ट सगळ्यासकट उपटून येतो. म्हणून तिथला थर्माकोल तळापासून वरच्या कातडीपर्यंत आरपार कापून काढायचा आणि त्या जागी दाट पीव्हीसी फोमचा ठोकळा बसवायचा. ठोकळ्याला सगळीकडून कापड गुंडाळायचं. ट्रॅक त्यात इपॉक्सीने रोवायचे, आणि ठोकळा वरच्या आणि खालच्या दोन्ही कातड्यांना पक्का धरला पाहिजे. मग ओढ एका जागी न राहता सगळ्या फळीभर वाटली जाते. ट्रॅकवरून आणखी दोन थर कापड, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा वीतभर पुढे नेलेला, एकाच रेषेत संपवायचा नाही. सुतार दाराच्या बिजागरीखाली लाकूड बघूनच खिळा मारतो, तसंच आहे. माझ्या फळीचं निम्मं वजन आणि निम्मा वेळ या हातभर जागेत गेला आहे, आणि मला त्याचं समाधान आहे.

आणखी एक छोटी वस्तू विसरू नका, हवा सोडणारा स्क्रू. थर्माकोल म्हणजे ९८ टक्के हवा. फळी गाडीच्या टपावर बांधून २५ अंशांवरून ६० पर्यंत तापली, तर आतली हवा बारा टक्क्यांनी फुगू बघते. म्हणजे ११० लिटरच्या फळीत बारा-तेरा लिटर जास्तीची हवा, आणि हा स्क्रू नसला तर जायला वाट नाही. कातडी सुटून वर येते. आपल्या भागात फळी उन्हात ठेवायचीच नाही. गोधडी ओली करून पांघरा.

शिकण्याबद्दल थोडक्यात. हातातला पंख आधी मोकळ्या मैदानात आठ दिवस हाताळा, पाण्यात नंतर. मग फळीवर गुडघ्यांवर बसा, मग उभे रहा. फळी उसळली की पुढच्या पायावर वजन. सारंगखेड्याच्या यात्रेत तुम्ही घोडे पाहिले असतील. चांगला स्वार लगाम फारसा ओढत नाही, बैठकीने घोडा फिरवतो. इथेही नजर आणि टाचा काम करतात. पडायचं ते फॉइलपासून लांब, पाठ टेकून पसरट, कारण ते पातं धारदार असतं. हेल्मेट आणि तरंगणारं जाकीट याशिवाय पाण्यात पाय नाही. फळीला कमरेची दोरी, पंखाला मनगटाची.

पाण्यावर जाण्याआधी पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या. दरवाज्यांच्या बाजूला फिरकायचंही नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडले, गढूळ पाण्यातून ओंडके वाहायला लागले, की आमची फळी कांबळ्यात गुंडाळलेली असते, कितीही वारा असो.

आणि जाळी टाकणाऱ्यांना विचारल्याशिवाय उतरू नका. ते पाणी आधी त्यांचं आहे, त्यांची जाळी म्हणजे त्यांची भाकरी आहे, आणि तळ त्यांनाच ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी काठाजवळ उतरत होतो तेव्हा आबांनी तराफ्यावरून हात केला. "आठे नको भाऊ, खाले बाभूयना खुट शेतस." पाणी चढण्याआधी तिथे बांध होता आणि बांधावर बाभळी होत्या. मास्टची ७५ सेंटिमीटर त्या खुंटात अडकली असती तर मी पुढे फेकला गेलो असतो. त्यांनी मला कुठून कुठपर्यंत जायचं ते दाखवलं, आणि पुढच्या रविवारी तिथे बांबूला लाल फडकं बांधून ठेवलेलं होतं.

फळी बाहेर ओट्यावर उपडी ठेवली आहे. जाताना अंगठ्याने दाबून बघा, आधी टोकाशी आणि मग ट्रॅकपाशी. फरक हाताला कळेल. डाव्या ट्रॅकच्या बाजूला कापडाला एक सुरकुती आहे. ती रात्री दिवे गेले तेव्हाची, बॅटरीच्या उजेडात मला दिसली नाही. घासून काढली तर तिथला थर पातळ होईल, म्हणून तशीच ठेवली आहे.