एका अंशाचा उतार

(दृश्य: इंजेक्शन मोल्डिंग मशीनचा साचा उघडतो. कोअरवरून (साच्याच्या आतल्या गाभ्यावरून) पांढरा गोल डबा सुटून खाली पडतो.)

हा डबा साच्यातून सहज सुटला, कारण त्याची भिंत सरळ उभी नाही. तोंडाशी तो किंचित रुंद आहे, तळाशी अरुंद. वितळलेलं प्लॅस्टिक थंड होताना आकसतं आणि कोअरला घट्ट धरून बसतं. भिंत अगदी उभी असेल, तर पीस निघताना ओरखडे उठतात, कधी पीस बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांच्या जोराने तळच वाकतो. म्हणून भिंतीला साधारण एक ते दोन अंशांचा उतार देतात. साच्याच्या कामात त्याला ड्राफ्ट म्हणतात. पृष्ठभाग खरबरीत ठेवायचा असेल, तर ड्राफ्ट आणखी वाढवावा लागतो.

एक अंश नुसत्या नजरेला जाणवतही नाही. पण डबा 100 मिमी खोल असेल, तर तोंडाच्या आणि तळाच्या व्यासात जवळपास 3.5 मिमीचा फरक पडतो. मग ड्रॉइंगवरचा 80 मिमी व्यास नेमका कुठला? झाकण तोंडावर बसणार आहे, म्हणजे 80 तोंडाशीच हवेत. कुणी तळाचं वर्तुळ 80 चं काढून भिंत बाहेर झुकवली, तर तोंड 83.5 चं होईल आणि झाकण वायाच जाईल. कोन किती, याआधी माप कुठल्या टोकाचं, हे ठरवायला हवं. निमुळत्या आकाराचं निम्मं काम तिथेच होतं, असं मला ठामपणे वाटतं.

(दृश्य: ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरचा पडदा. तोंडाचं वर्तुळ, त्यातून खाली उतरणारा आकार.)

तोंडाचं वर्तुळ काढा, सपाट आकाराला उंची देणारी एक्स्ट्रूड कमांड घ्या, उंची देण्याआधी टेपर अँगल, म्हणजे उताराचा कोन, निवडा. धन कोन दिला की आकार आत झुकतो, ऋण कोन दिला की बाहेर फाकतो.

गोल आकारात एवढ्यावर भागतं. चौकोनात जरा जपावं लागतं. 60 बाय 20 मिमीचा आयत 6 अंशांच्या उताराने 100 मिमी उचलायला जा. लांब बाजूच्या दोन्ही भिंती सुमारे 95 मिमीवरच एकमेकींना भिडतात. पुढे आकार उरतच नाही आणि कमांड अडते. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं, भूमितीच संपलेली असते.

वरचा आणि खालचा आयत दोन्ही ठरलेले असतील, तर दोन आकार जोडणारा लॉफ्ट वापरावा. खाली 60 बाय 40, वर 30 बाय 20. लॉफ्ट दोन्ही जोडून देतो, पण एका जोडीतल्या भिंती 15 मिमी आत येतात आणि दुसऱ्या जोडीतल्या 10. म्हणजे चारही भिंतींचा उतार सारखा नाही. पत्र्याचा हॉपर, म्हणजे माल ओतायचं निमुळतं भांडं, बनवणाऱ्याला हे कळलं नाही, तर कापलेले पत्रे जुळणार नाहीत.

(दृश्य: ड्रिल प्रेसच्या स्पिंडलमध्ये मोर्स टेपरचं ड्रिल बसतं.)

अमेरिकेत 1860 च्या दशकात स्टीफन मोर्स यांनी आणलेला हा टेपर, म्हणजे ड्रिलचा निमुळता दांडा, आजही चालतो. 2 नंबरच्या मोर्स टेपरचा मोठा व्यास 17.780 मिमी आणि उतार 1:20.020, म्हणजे 20.020 मिमी लांबीवर व्यास 1 मिमीने कमी. अक्षाशी त्याचा कोन सुमारे 1.43 अंश. इथे एक्स्ट्रूड बाजूला ठेवून अर्ध्या छेदाचं स्केच काढावं आणि ते अक्षाभोवती रिव्हॉल्व्ह करावं, म्हणजे फिरवून घन आकार बनवावा. 1.43 च्या जागी कुणी 1.4 लिहिलं, तर 60 मिमी लांबीवर व्यासात सुमारे 0.06 मिमी चूक येते. हा टेपर घर्षणावरच पकड धरतो. पूर्ण लांबीभर टेकला नाही, तर ड्रिल स्पिंडलमध्ये घसरतं.

(दृश्य: पुन्हा डबा, आता मॉडेल झाडात, म्हणजे मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीत, एकेक पायरी.)

शेवटी क्रम. आधी ड्राफ्ट, मग कडांना फिलेट (गोलाई), मग शेल (आतून पोकळ करणं). शेल आधी करून बाहेरच्या भिंतीला ड्राफ्ट दिला, तर आतली भिंत उभीच राहते आणि जाडी वरखाली होते. जाड जागी प्लॅस्टिक जास्त आकसून खळगे पडतात. साचा कापायला देण्याआधी ड्राफ्ट अ‍ॅनालिसिस, म्हणजे उताराची तपासणी, चालवा. सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये उभी राहिलेली भिंत पिवळी दिसते.