देवळालीचे कापरेकर मास्तर

नाशिकला लागून असलेलं हे देवळाली. 1930 ते 1962 या काळात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर इथल्या शाळेत शिकवायचे. पदव्युत्तर शिक्षण नाही, कुठल्या विद्यापीठात जागा नाही. मोजायच्या साध्या संख्या, त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार. चौथीतल्या पोराला येतं तेवढ्या शिदोरीवर त्यांनी आयुष्यभर गणित केलं.

आता या फळ्याकडे बघा. कापरेकरांना 1949 साली सापडलेली गोष्ट इथे एक मुलगी करून दाखवतेय. तिने मनानेच चार अंक घेतलेत: 3, 5, 2, 4. मोठ्याकडून लहानाकडे लावले, 5432. उलटे लावले, 2345. हातचे सांभाळत वजाबाकी केली: 3087.

आता याच अंकांचं पुन्हा तेच. 8730 वजा 0378. तो पुढचा शून्य गाळायचा नाही, तोही अंकच आहे. आले 8352. अजून एकदा, 8532 वजा 2358. उत्तर 6174.

थांबू नकोस, पुढे कर. 7641 वजा 1467. परत 6174!

चारही अंक एकसारखे नसले म्हणजे झालं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ती इथेच येऊन पोचते.

फळ्याच्या कडेला हे भागाकार मांडलेत, ते सोडून पुढे जायचं नाही. 3087, 8352, 6174, तिन्हींना 9 ने पूर्ण भाग जातो. का? अंकांच्या जागा बदलल्या तरी त्यांची बेरीज तीच राहते, आणि 9 ने भागल्यावर उरणारी बाकी त्या बेरजेवरूनच ठरते. दोन्ही संख्यांची बाकी सारखी, म्हणून वजाबाकीत ती उडून जाते. हे एकदा उमगलं की मुलं उत्तर तपासायला बाईंकडे वही आणत नाहीत. स्वतःच 9 ने भागून बघतात.

1975 साली गणिताच्या गमतीजमतींवर लिहिणारे अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. 1986 साली मास्तर वारले.

वर्गात आता तीन अंकांवर चाललंय, ते 495 ला येऊन थांबतात. मागच्या बाकावर दोनच अंक घेतलेत. 81, 63, 27, 45, मग 09, आणि 90 वजा 09 पुन्हा 81. ही वजाबाकी कुठे थांबतच नाही, आणि मधली सुट्टी झाली तरी ही पोरं वही मिटायला तयार नाहीत.