काळीत शिरू नका, बरडीनं जा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या जूनमधली गोष्ट. मृगाचा पहिला पाऊस रात्री पडून गेला होता. सकाळी आभाळ मोकळं आणि हवा अशी, की घरात पाय ठरेना. कळमेश्वरच्या पुढे डांबरी सोडली आणि वावरांकडे जाणाऱ्या एका पांदणीत, म्हणजे कच्च्या वाटेत, सायकल घातली. शंभर पावलं गेले असेन, आणि चाकच फिरेना. उतरून बघते तर टायर आणि फोर्क यांच्यामधली जागा मातीनं बुजलेली, साखळी दिसेनाशी झालेली आणि माझ्या बुटांखाली दोन-दोन किलोचे नवे तळवे. उचलून न्यावी म्हटलं, तर दहा किलोची सायकल उचलता उचलेना.

धुऱ्यावरून एक काकाजी येत होते. काही न बोलता त्यांनी ढिगातली पऱ्हाटीची, म्हणजे वाळलेल्या कपाशीची, एक काडी ओढली, बसले आणि फोर्कमधला चिखल कोरायला लागले. अर्ध्या तासानं चाक फिरलं, तेव्हा म्हणाले, “ताई, मिरग लागला अन् तुमी काळीत कायले शिरल्या? तिकडून बरडीनं जाचं होतं ना.”

मी आठ वर्षं सायकल चालवते आहे. टायर, गिअर, ब्रेक यांच्यावर तासभर बोलायला सांगा, बोलेन. पण पायाखालचा रस्ता कोणत्या मातीचा आहे, हे विचारायचं मला त्या दिवसापर्यंत सुचलंच नव्हतं.

आपल्या नागपूर जिल्ह्यात जमिनीला नावं आहेत. काळी, मोरंड, खरडी, बरडी, रेताडी. इंग्रजी अमलातल्या सारा-आकारणीच्या दप्तरांतही ही शेतकऱ्यांचीच नावं उतरली. काळी म्हणजे खोल, कसदार आणि चिकट. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि त्या भेगेत सायकलचं चाक आरामात बसतं. मोरंड जरा भुरकट, तिच्यात चुनखडीचे खडे. खरडी उथळ आणि हलकी. बरडी म्हणजे उंचवट्यावरचं मुरमाड रान, जिथं पीक कसंबसं येतं. वावराचा भाव करताना काळी सगळ्यांत वर आणि बरडी तळाला. सायकलवाल्याचा भाव नेमका उलटा! पाणी पिऊन न फुगणारी, चाकाखाली बारीक करकरणारी बरडीची पांदण म्हणजे आपला राजरस्ता. (सीताबर्डीचं नाव या बरडीवरून पडलं असं मी म्हणत नाही, त्याच्या कथा वेगळ्या आहेत. पण आता ‘बर्डीवर जाऊन येते’ म्हणताना माझी मलाच गंमत वाटते.)

आणि नागपूर शहर बसलंय दोन खडकांच्या शिवेवर. सीताबर्डीची टेकडी दख्खनच्या लाव्हाची, काळ्या पाषाणाची. त्या लाव्हाचा पूर्वेकडचा काठ इथं संपत येतो. पश्चिमेला निघालात, कळमेश्वर, काटोल, नरखेड, की खाली काळा पाषाण आणि वर त्याची झालेली काळी माती. उत्तर-पूर्वेला मनसर, रामटेक, पारशिवनीकडे गेलात की खडक फार जुना आणि वेगळ्या जातीचा. मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणी त्याच पट्ट्यातल्या. तिकडच्या उंचवट्यांवरची माती तांबूस, भरड, पाणी धरून न ठेवणारी. पाऊस उघडून एक दिवस गेला, की तिकडे सायकल चालते. काटोलच्या काळीत तेव्हाही चाक रुततं.

अशा कच्च्या, खडीच्या वाटांवरून सायकल चालवण्याला जगभर ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. त्याचं माहेर अमेरिकेतला शेतीचा मुलूख. आयोवा, कॅन्सस, नेब्रास्का. अमेरिकेत अठराव्या शतकाच्या शेवटी जमीन मोजायला सुरुवात झाली ती चौरस मैलांच्या चौकटींत, आणि पुढे त्या चौकटींच्या रेघांवरच शेतरस्ते पडले, चुनखडीची खडी टाकलेले. गाड्या तुरळक, रस्ते भरपूर. 2005 मध्ये ट्रान्स आयोवा नावाची शर्यत झाली. पुढच्या वर्षी कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावात दुसरी सुरू झाली, 200 मैलांची, म्हणजे सुमारे 320 किलोमीटर. पहिल्या वर्षी तिला आले 34 जण. आज तीच शर्यत अनबाउंड ग्रॅव्हल म्हणून ओळखली जाते आणि हजारो लोक येतात. तिच्या आधीच्या नावात तिथल्या मूळ जमातीचं नाव एका हिणकस विशेषणाला जोडलेलं होतं, ते 2020 मध्ये बदललं.

तिथला दंडक मला आवडतो. पंक्चर झालं, साखळी तुटली, तर तुमचं तुम्ही बघा. मागून मदतीची गाडी येत नाही. 2023 साली शर्यतीच्या सुरुवातीलाच चिखलाचा एक तुकडा लागला, आणि भल्याभल्यांनी सायकली खांद्यावर घेतल्या. तो चिखल खरवडायला तिथले लोक खिशात काय ठेवतात माहीत आहे? रंगाच्या डब्यात रंग ढवळायची लाकडी पट्टी. मी हे वाचलं तेव्हा मला ती पऱ्हाटीची काडीच दिसली.

चिखलात सापडलात तर एकच करा, पायडल मारणं थांबवा. साखळी मातीत भरलेली असताना जोर लावला की मागचा गिअर वाकून आऱ्यांत जातो, आणि मग गावातून एसटीनं परत यायचं.

आता सायकलीबद्दल. दुकानात ग्रॅव्हल बाइक म्हणून जी मिळते, तिचं हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं, ब्रेक डिस्कचे, चढासाठी हलके गिअर आणि टायर 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद. आपल्या दूधवाल्याची काळी सायकल आठवा. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं 28 गुणिले दीड. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर! लांब बांधा, मागे झुकलेला पुढचा दांडा, दोन्हीकडे कॅन आणि पांदणीतून रोजची फेरी. दूधवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले, फक्त त्यांना कुणी बिल्ला दिला नाही. सायकल जड, गिअर नाही, ब्रेक दांडीचे, हे खरं. पण नव्या माणसानं लाखाची सायकल घेण्याआधी घरातल्या जुन्या सायकलीला बसतील तेवढे रुंद टायर टाकून बघावेत. लाखाची मीही घेतली आहे, म्हणूनच सांगते.

टायरपेक्षाही महत्त्वाची हवा. आमच्यातले बरेच जण टायर दगडासारखा टणक करून निघतात आणि दोन तासांत मनगटं धरून बसतात. डांबरीवर 28 मिलिमीटरच्या टायरला 70-80 पीएसआय ठीक. पांदणीत 40 च्या टायरमध्ये, तुमचं वजन 65 किलोच्या आसपास असेल तर, 30 ते 35 पुरते. टायर खड्यावर बसतो, उडत नाही. अर्थात आत ट्यूब असेल तर इतक्या कमी हवेत ती रिमशी चिमटते, म्हणून ट्यूबलेस बरं. त्यात घालायचं, भोक आपोआप बुजवणारं पातळ औषध आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत आटतं, हे मात्र विकणारा सांगत नाही.

औषध लागतं ते काट्यांसाठी. बाभळीचा काटा सगळ्यांना ठाऊक. खरा वैरी सराटा, आपण ज्याला गोखरूही म्हणतो. पिवळं इवलं फूल, जमिनीला चिकटून पसरलेला वेल, आणि फळाला असे काटे की कसंही पडलं तरी एक टोक वर. अमेरिकेतले सायकलवाले ज्याला गोटहेड म्हणून शिव्या घालतात, ती हीच वनस्पती, ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलेली. टायरमध्ये सराटा दिसला तर रस्त्यात उपटू नका. औषध त्याच्याभोवती धरलेलं असतं. घरी येऊन काढा.

कुठं जावं? पेंचच्या नहरींच्या काठानं पारशिवनी, रामटेककडे मातीचे रस्ते आहेत. एका बाजूला पाणी, दुसरीकडे धानाच्या बांध्या, चढ जवळजवळ नाही. ते रस्ते पाटबंधारे खात्याचे, अडवलं तर वाद न घालता वळा. काटोल, नरखेडकडे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आंबिया बहाराचा संत्रा झाडावर असताना. तोपर्यंत काळी वाळून सिमेंटसारखी झालेली असते, फक्त बंडीच्या चाकोऱ्या सांभाळायच्या. चाकोरीत शिरलेलं पुढचं चाक बाहेर काढायला गेलात की पडलातच. उमरेड, कऱ्हांडलाच्या बाजूला जंगल लागून आहे, तिथं वाघ आहेत, तिथली धाडसं नकोत.

ताज्या खडीकरणाच्या रस्त्याला तर दुरूनच नमस्कार. अंड्याएवढी गिट्टी ओतायची आणि रोलर फिरवायचा राहून जायचा. असा एक तुकडा मी गेले सात महिने बघते आहे. त्याला ग्रॅव्हल म्हणत नाहीत, शिक्षा म्हणतात.

एक गोष्ट कळकळीनं. पांदण ही वावरात जायची वाट आहे, आपल्या हौसेची नंतर. समोरून कापसाची बंडी आली तर उतरून धुऱ्यावर उभं राहा, सायकल बघून बैल बुजतात. सोयाबीन वाळत घातलेलं असेल तर त्यावरून चाक नको. संत्र्याला हात लावायचा नाही, मागितलं की मिळतं. आणि अंधार पडायच्या आत परत. रानडुकरांसाठी धुऱ्याला तारा लावलेल्या असतात. सौर झटका मशीनची तार झटका देऊन सोडते, पण काही ठिकाणी चोरून थेट लाइनचा करंट सोडलेला असतो, तो माणसालाही मारतो.

इथं शर्यत भरवावी का, असं मला तरुण मुलं विचारतात. मातीवरची शर्यत आपल्याला नवी नाही, आपला बैलांचा शंकरपट आहेच. त्यावर 2014 मध्ये बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ती कायम केली. पण पट मोकळ्या वावरात भरतो, लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नाही. पांदणीत घड्याळ लावून पळणं मला पटत नाही. त्यापेक्षा ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या लांब फेरीची, रीत बरी. 200 किलोमीटर, साडेतेरा तास, पहिला-दुसरा कुणी नाही. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये सुमारे 4800 किलोमीटरची रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्यानं पुरी केली. तेवढ्या लांबची हौस डांबरीवर भागवावी.

डिसेंबरात मी त्याच पांदणीनं पुन्हा गेले. रस्ता टणक, कपाशी फुटलेली. काकाजी वेचणीवर होते. सायकल ओळखली. “केवढ्याची हाये?” मी निम्मी किंमत सांगितली. तरी त्यांनी एकदा सायकलीकडे पाहिलं आणि एकदा झाडाखाली बांधलेल्या गोऱ्ह्याकडे. मग अंगठ्यानं टायर दाबला. “हवा कमी हाये.” मी म्हटलं, मुद्दामच कमी ठेवते. ते थोडे थांबले. “हं. बंडीले लोखंडाची धाव होती तवा बैल दमे. रबरी टायर आले अन् वढण हलकी झाली. तसंच ना?”

तसंच.

“पण भराची झाली तं? गावातल्या पंपाची नळी लागते का इले?”

लागत नाही. या सायकलीचा व्हॉल बारीक असतो. मी खिशातून पितळी टोपी काढून दाखवली, बोटाच्या पेराएवढी. ही चढवली की मोटरसायकलच्या पंपानं हवा भरता येते. त्यांनी ती तळहातावर घेतली, उलटीपालटी केली, आणि माझ्या हातात न देता सायकलीच्या पिशवीत स्वतः ठेवून चेन लावली.

“खिशात नोका ठेवू. काळीत पडली तं सापडत नाही.”

नमस्कार.