संत्र्याचा रंग कोणाचा?

(एका ग्रामीण वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, वाचनालयाचे कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘क जीवनसत्त्वाची मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन : घटकांची तुलना’ असा छापलेला आहे. ती तुलना मी करणारच आहे. परंतु ज्या बाईने आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवले, तिला प्रयोग केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, ही खोड आपण सांभाळून घ्यावी. टेबलावर पेजेचे भांडे पाहून काहींनी अल्पोपाहाराची आशा धरली असेल, तर ती सोडून द्यावी. शिवाय मला एक तक्रार मांडायची आहे आणि ती रंगाविषयी आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या भाचीबरोबर मडगावच्या बाजारात गेले होते. तिला चेहऱ्यासाठी ‘व्हिटॅमिन सी’ असलेले काहीतरी हवे होते. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने एक पारदर्शक डबी उजेडात धरली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाला, “टीचर, रंग पळयात (पाहा), ताजे संत्रे!” आत खरोखरच संत्र्याच्या रंगाचे मलम होते आणि डबीवर अर्धे कापलेले संत्रे छापले होते. मी पर्समधून भिंग काढले आणि डबीची पाठ वाचू लागले, तेव्हा भाचीने ओळख नसल्यासारखे दुसरीकडे पाहिले. घटकांची यादी पाण्याने सुरू होत होती, पुढे ग्लिसरीन, मग दोनतीन तेलकट पदार्थ, मग फिनॉक्सीइथेनॉल नावाचे टिकाऊपणाचे द्रव्य, मग सुगंध, त्यानंतर सोडियम अॅस्कॉर्बिल फॉस्फेट, म्हणजे क जीवनसत्त्वाचे एक रूप, आणि शेवटी सीआय १५९८५. हा शेवटचा आकडा म्हणजे सनसेट यलो हा कृत्रिम रंग होय. डबीतले संत्रे कोणत्या झाडाचे होते, ते तिथे कळले.

माझी तक्रार कृत्रिम रंगाविषयी नाही. आपल्या जत्रेतल्या मिठाईतही तो असतो आणि आपण ती आवडीने खातो. तक्रार अशी की, क जीवनसत्त्वाला हा रंगच नाही. शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, ही पांढरी भुकटी असते आणि पाण्यात विरघळल्यावर पाणी स्वच्छच दिसते. संत्र्याला रंग येतो तो कॅरोटिनॉइड या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांमुळे, जीवनसत्त्वामुळे नव्हे. आवळा हिरवट, पेर म्हणजे पेरू आतून पांढरा. आणि आपल्या काजूचे बोंडू पिवळे असो वा तांबडे, संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व बाळगून असते, तरी एकाही डबीवर त्याचे चित्र मी पाहिलेले नाही. त्याउलट हवा, उष्णता आणि प्रकाश लागून हे आम्ल खराब होऊ लागते, तेव्हा त्याचे पाणी आधी पिवळसर, मग नारिंगी आणि अखेरीस चहासारखे होते. म्हणजे कारखान्याने डबीत जो रंग हौसेने घातला, तो या जीवनसत्त्वाच्या म्हातारपणाचा रंग आहे. आणि रंग आधीच घातलेला असल्यामुळे आतला माल बिघडला, तरी गिऱ्हाइकाला ते कळण्याची सोय उरत नाही. हे मी विद्यार्थ्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “टीचर, पांढरे कोणी घेत नाही.”

हे जीवनसत्त्व टिकत नाही, ही गोष्ट जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या गोव्याच्या किनाऱ्याशी जुळतो. वास्को द गामाची जहाजे ऑक्टोबर १४९८ मध्ये काणकोणच्या समुद्रातील अंजदीव बेटावरून परत निघाली आणि वारा प्रतिकूल असल्याने आफ्रिकेचा किनारा गाठायला त्यांना जवळजवळ तीन महिने लागले. त्या प्रवासात हिरड्या सुजून सुमारे तीस खलाशी मेले. तो क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही रोग, आणि ‘अॅस्कॉर्बिक’ या शब्दाचा अर्थच ‘स्कर्व्हीला रोखणारे’ असा आहे. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने संत्री आणि लिंबे देऊन रोगी बरे होतात, हे दाखवून दिले. मात्र रस साठवण्यासाठी त्याने सुचवलेली रीत रस आटवण्याची होती आणि त्या उष्णतेत बरेचसे जीवनसत्त्व नाहीसे होत असे. बाटली भरलेली आणि गुण गेलेला, असा हा जुना अनुभव आहे.

आता पेजेकडे वळू. पेजेच्या निवळीत पिष्ट, म्हणजे स्टार्च, असते. तिच्यात जखमेला लावायच्या आयोडीनच्या औषधाचा एक थेंब टाकला की ती निळीकाळी होते. पहिल्या पेल्यात मी लिंबाचा रस पिळते; पाहा, निळा रंग गेला, कारण रसातल्या क जीवनसत्त्वाने आयोडीनचे रूप बदलले. दुसऱ्या पेल्यात त्या डबीतले मलम ढवळते. निळा रंग जागचा हलत नाही. घरी हे पाहून भाची म्हणाली, “मावशी, सरळ फसवणूक आहे ही!” मलाही क्षणभर तसेच वाटले आणि, खरे सांगायचे तर, आनंदही झाला. परंतु परीक्षा अन्यायाची होती. सोडियम अॅस्कॉर्बिल फॉस्फेट या रूपात फॉस्फेट नेमके अशा जागी बसलेले असते की रेणूचा कामाचा भाग कुलूपबंद होतो. आयोडीनला तो सापडत नाही, तसा हवेलाही सापडत नाही. म्हणून हे रूप टिकते. त्वचेतली विकरे (एन्झाइम) ते कुलूप हळूहळू उघडतात. तेव्हा निळा रंग टिकला याचा अर्थ एवढाच की मोकळे आम्ल आत नाही. आत क जीवनसत्त्व मुळीच नाही असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल, आणि माझी भाची अजूनही तोच काढते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटे उरली आहेत आणि तुलना अजून सुरूच झालेली नाही. त्यामुळे आता भरभर.

यादी वाचण्याचा नियम असा की, एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने येतात आणि त्याखालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सीइथेनॉल सहसा एक टक्क्यापर्यंतच वापरतात. म्हणून क जीवनसत्त्वाचे नाव त्याच्या मागे असेल, तर ते बहुधा नावापुरते आहे. मॉइश्चरायझरचे खरे काम ग्लिसरीन, हायल्युरॉनिक आम्ल, सेरामाइड, डायमेथिकोन यांसारखे घटक करतात. काही पाणी धरतात, काही ते उडू देत नाहीत. मोकळे अॅस्कॉर्बिक आम्ल त्वचेत नीट शिरायचे, तर द्रावणाचा पीएच (आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) साडेतीनच्या खाली आणि प्रमाण साधारण दहा ते वीस टक्के लागते. मलमाचा पीएच बहुधा त्याहून बराच वर असतो, म्हणून तिथे कुलूपबंद रूपे घालतात. ती सौम्य आणि टिकाऊ असतात, पण त्यांचा परिणामही मंद असतो. मोकळे आम्ल हवेच असेल, तर गडद रंगाच्या, अरुंद तोंडाच्या बाटलीतले घ्यावे. रुंद तोंडाची पारदर्शक डबी घेऊ नये.

सनस्क्रीनमध्ये मुख्य घटक म्हणजे किरण अडवणारी द्रव्ये. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे. अॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, ऑक्टिनॉक्सेट, बेमोट्रिझिनॉल ही सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त रसायने. अॅव्होबेन्झोन यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोल शिरणारे अतिनील किरण, उत्तम शोषते, पण उन्हात स्वतःच विरते. ऑक्टिनॉक्सेटच्या संगतीत अधिक लवकर, तर ऑक्टोक्रिलीनच्या संगतीत ते सावरते. म्हणून नुसती नावे न पाहता जोड्या पाहाव्या. क जीवनसत्त्व इथे पाहुणे आहे. उन्हातले यूव्ही किरण ते लक्षणीय प्रमाणात शोषत नाही, म्हणून त्याच्यावर एसपीएफची, म्हणजे ऊन अडवण्याच्या क्षमतेच्या आकड्याची, भिस्त ठेवू नये. जे किरण निसटून आत जातात त्यांनी निर्माण केलेले उपद्रवी रेणू शांत करणे, हे त्याचे काम. एसपीएफ ३० यूव्हीबी या त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के किरण अडवते, मात्र हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम इतका थर लावल्यावरचे आहेत आणि आपण त्याच्या निम्मेही लावत नाही. मिरामारच्या वाळूवर तासभर बसणाऱ्याने एसपीएफ १५ चे मॉइश्चरायझर लावून निश्चिंत होऊ नये, आणि घाम पुसल्यावर किंवा दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावावे. मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन तळहातावर एकत्र कालवू नयेत, कारण सनस्क्रीनचा सलग थर मोडतो. आधी क जीवनसत्त्व, मग मॉइश्चरायझर, शेवटी सनस्क्रीन.

मागच्या रांगेतून भिरंडेलाविषयी विचारणा झाली आहे. टाचांच्या भेगांसाठी आपल्या आज्या वापरत असलेले हे कोकमाचे तेल आता अनेक मलमांत गार्सिनिया इंडिका या नावाने मानाने येते. ओलावा राखायला ते चांगले आहे. मात्र ऊन अडवण्यासाठी त्याच्यावर विसंबू नये.

वेळ संपली. डबी आणि भिंग टेबलावर ठेवते, ज्यांना यादी वाचायची असेल त्यांनी पुढे यावे. लिंबाचा पेला स्वच्छ दिसत असला तरी त्यात आयोडीन आहे, तेव्हा मुलांना त्यातली पेज पिऊ देऊ नये.