चाळणीत अडकलेली आत्या

नमस्कार श्रोतेहो. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाची स्मृतिभ्रंशासाठी सरसकट चाचणी करावी का, हा आजचा विषय निघाला की मला पंचवटीत राहणारी माझी आत्या आठवते.

तिची शाळा दुसरीपर्यंत झाली, पण घरचा सगळा हिशेब बोटांच्या पेरांवर. गेल्या वर्षी एका मोफत शिबिरात तिला आजची तारीख विचारली, तेव्हा तिने ‘कार्तिक वद्य चतुर्थी’ असे सांगितले आणि ते अचूक होते, कारण त्या दिवशी तिचा संकष्टीचा उपास होता. तिथीला मात्र गुण नव्हता. शंभरातून सात-सात वजा करताना ती अडखळली, घड्याळाचे चित्र तिला जमले नाही, आणि हातात चिठ्ठी आली: ‘स्मृतिभ्रंशाची शक्यता’.

घरी पोहोचेपर्यंत त्यातला ‘शक्यता’ हा शब्द गळून पडला. आम्ही तिचे पासबुक काढून घेतले, तिला गॅसपाशी जाऊ देईना, रामकुंडावर एकटीने जाणे बंद केले. चार महिन्यांत ती बोलेनाशी झाली आणि आम्हाला चाचणी खरी वाटू लागली. पुढे एका डॉक्टरांनी तिच्याशी निवांत बोलून कान आणि रक्त तपासले, तेव्हा ऐकू कमी येत होते आणि बी-12 जीवनसत्त्व फार कमी होते. स्मृतिभ्रंश नव्हता. इंजेक्शने आणि कानाचे यंत्र यांनी ती पुन्हा बोलती झाली. (चष्मा मिरवणारी माणसे कानाच्या यंत्राची लाज का बाळगतात, हे मला आजही उमगत नाही.) त्या चिठ्ठीशिवाय तिचे रक्त तपासलेच गेले नसते, हेही मला मान्य केले पाहिजे.

भारतात साठीपुढील सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे हजारांत 74. समजा, चाचणी शंभर रुग्णांपैकी 80 ओळखते आणि शंभर निरोग्यांपैकी 20 जणांवर चुकून बोट ठेवते. तर हजारांत 59 जण खरे सापडतील आणि 185 जण आत्यासारखे विनाकारण अडकतील. अशी सरसकट चाचणी ही नुसती चाळणी, आणि चाळणी म्हणजे निदान नव्हे, श्रोतेहो, चाळणी म्हणजे निदान नव्हे. लक्षणे नसलेल्या वृद्धांच्या सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा आहे, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलानेही, म्हणजे तपासण्यांबाबत शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटानेही, 2020 मध्ये म्हटले.

मात्र रोजच्या गल्लीत वाट चुकत असेल किंवा वर्षानुवर्षांचा स्वयंपाक बिघडत असेल, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या यांनीही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत. जाताना चालू औषधांची यादी आणि सोबत राहणारे माणूस न्या, चष्मा व कानाचे यंत्र लावूनच न्या, आणि तारीख विचारल्यावर उत्तरात तिथी आली, तर तीही ग्राह्य धरण्याची डॉक्टरांना विनंती करा.